ही ओळ तुझी

दाभोळच्या धक्क्याकडे उतरताना डाव्या हाताला माझं दुकान.
फेरीबोटीला वेळ असला की लोक आत येतात,
कंदील हलवून बघतात, किंमत विचारतात,
भोंगा झाला की जातात.

या आठवड्यात जुन्या बंदर कचेरीतलं टेबल आलं.
टेबलाला वाळवी. वरचा ऐवज शाबूत:
दोन तोंडांची पितळी दौत, एकीत निळा चुरा, एकीत तांबडा;
सावंतवाडीचं लाखेचं कलमदान,
त्यावरच्या वेलीचे देठ उरलेत, फुलं बोटांनी नेली;
टाचण्यांची डबी, आत गंजून सगळ्यांची मिळून एकच टाचणी;
टीपकागदाचा ठोकळा, त्यावर उलटी अक्षरं,
आरशासमोर धरलं तर इतकंच लागतं: कौलं शाकारून घे.
आणि पत्रं उघडायची सुरी.

म्हशीच्या शिंगाची. काळी,
पण उजेडात धरली की कडेला मधाचा रंग.
मुठीला मासा कोरलाय.
सुरमई म्हणावी तर डोळा मोठा,
बांगडा म्हणावा तर पाठीवर रेघा नाहीत.
कोरणारा बहुतेक शाकाहारी.
धार झिजलीय ती उलट्या अंगाने,
म्हणजे मालक डावखुरा,
हे मी आमसुलाच्या पाण्याने दौत घासता घासता शोधलं
आणि स्वतःवर जरा खूश झालो.

शनिवारी हमीदाबी आल्या.
धोपाव्याला नातीकडे निघालेल्या, बोट नुकतीच सुटलेली.
स्टुलावर बसल्या, सुरी उचलली, डाव्या हातात धरून पाहिली.
"होडेकरांची."

इब्राहिम होडेकर. कचेरीत आवक-जावक लिहीत.
गावातले निम्मे पुरुष तेव्हा बोटींवर,
बसरा, मोंबासा, डर्बन,
कुणी सारंग, कुणी भंडारी, कुणी नुसताच कोळसा ओढणारा.
बायका पाकिटं घेऊन कचेरीच्या मागच्या दाराशी.

पत्र फोडतो म्हणतो आपण, नारळ फोडावा तसं.
होडेकरांना तो शब्द चालत नसे.
"डोकं फोडा, खापर फोडा. पत्र उघडायचं असतं."
आणि सुरी घालत कोपऱ्यातून, हळू,
कालव उघडावं तशी,
आतल्याला लागू न देता.

कार्डाला सुरी लागत नसे.
कोपरा फाटलेलं कार्ड आलं
तर ते उठून उभे राहत,
आणि बाई त्याआधीच खाली बसलेली असे.

"पण ते नाय मी सांगत," हमीदाबी म्हणाल्या.
"आमच्या ह्यांची पत्रं.
हवापाणी, मनिऑर्डर, कौलं, म्हशीला काय झालं,
सगळं खणखणीत वाचायचे.
मधेच थांबायचे. खोकायचे. चष्मा पुसायचे.
कागद माझ्याकडे फिरवायचे
आणि सुरीचं टोक ठेवायचे एका ओळीखाली.
ही ओळ तुझी, म्हणायचे.
मला कुठलं वाचता येतंय?
मी आपली मान हलवायची.
मग कागद परत तिकडे, परत म्हैस."

दोन वर्षांत अकरा ओळी साठल्या.
डब्यात, तांदळाखाली.
तिसऱ्या पावसाळ्यात त्या पोराच्या पाटीवर बसल्या,
पोरगा झोपल्यावर.
बारावं पाकीट घेऊन कचेरीत गेल्या नाहीत.
होडेकरांनी पुढे कधी विचारलं नाही.
रस्त्यात दिसले तर नुसते खोकायचे.

"काय होतं त्या ओळींत?"
दुकानदाराने विचारू नये ते मी विचारलं.

हमीदाबींनी माझ्याकडे पाहिलं,
सुरी टेबलावर ठेवली,
आणि खोकून दाखवलं.

मग चिठ्ठीवरची किंमत वाचली, मोठ्यांदा, एकेक आकडा.
"शिंगाला? एवढे?"
भोंगा झाला. गेल्या.

मंगळवारी गुहागरच्या रिसॉर्टवाल्याने सगळंच घेतलं,
काउंटरवर मांडायला, टेबल सोडून.
पावती करताना त्याने सुरी फिरवून पाहिली,
"ही कसली?"

पाकिटं फोडायची, मी म्हणालो.
आणि पेन थांबवून,
उघडायची.